बाणापुढचा पत्ता

मध्यंतरी गावात बातमी पसरली की दवाखान्यातल्या सिस्टर बुलेट घेणार. पिठाच्या गिरणीपाशी एका म्हाताऱ्यानं मला हात करून थांबवलं आणि काळजीनं विचारलं, “बाई, तुमाला झेपंल का ती? लई वजनी असती.” मला काही कळेना. मग चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. आमच्या आशाताईनं मला नणंदेशी फोनवर बोलताना ऐकलं होतं आणि त्या बोलण्यात ‘बुलेट’ हा शब्द चार-पाच वेळा आला होता. आम्ही बोलत होतो बुलेट जर्नलबद्दल, म्हणजे वहीबद्दल. पण गिरणीपाशी उभं राहून ते कोण समजावणार? “सध्या विचार नाही,” असं सांगून मी मोकळी झाले.

मी आरोग्यसेविका आहे. शिरूर कासार तालुक्यात एक उपकेंद्र आणि त्याखालची चार गावं, त्यांच्या वस्त्या, असा माझा कारभार, आणि मदतीला गावागणिक एक आशा कार्यकर्ती, म्हणजे आशाताई. गरोदर बायांची तपासणी, पोरांच्या लसी, रक्तदाबाच्या गोळ्या, पाण्याचे नमुने, सगळं. पूर्वी त्यासाठी जाडजूड रजिस्टरं होती. मग फोन आला, फोनात ॲप आलं, आणि रजिस्टरं काही गेली नाहीत. दोन्हीकडे भरायचं. आणि जे दोन्हीकडे मावत नाही, म्हणजे अमकीच्या सासूला समजावणे, तमक्या वस्तीवर दुपारी गेलं तरच बाई भेटते, ते सगळं चिठ्ठ्यांवर. माझ्या पर्समध्ये, गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यांवर, कधी तळहातावरसुद्धा. हात धुतला की काम गेलं. आमचे हे म्हणायचे, “तुझी पर्स झटकली तर अर्धा तालुका खाली पडेल.” मी त्यावर भांडायचे, पण त्यांचं खरं होतं.

माझी धाकटी नणंद धर्मापुरीजवळच्या शाळेत शिक्षिका आहे. दिवाळीला आली तेव्हा तिनं माझी पर्स पाहिली आणि डोक्याला हात लावला. तिनं फोनवर कुठंतरी बघून ही पद्धत उचलली होती. एक साधी वही. करायच्या कामापुढे टिंब. काम झालं की टिंबावर फुली. आज जमलं नाही, पुढे ढकललं, तर बाण. आणि महिना संपला की राहिलेली कामं नव्या पानावर पुन्हा हातानं उतरवायची.

“हातानं?” मी म्हटलं. “सरकारनं फोन कशाला दिलाय मग?”

“वहिनी, हातानं लिहिताना कंटाळा येतो ना, म्हणूनच. कंटाळा आला की माणूस विचार करतं, हे काम खरंच करायचंय का. फोनवर नुसतं खाली सरकवत बसता तुम्ही. एक महिना करून बघा आणि मग भांडा माझ्याशी.”

भांडायची मुभा मिळाली म्हणून मी वही घेतली. खरं सांगायचं तर मला लागलं होतं ते वेगळंच. इतकी वर्षं नोकरी करून नणंदेनं मला टिंबं काढायला शिकवावं!

पहिली अडचण फुलीची आली. आशाताईनं वही पाहिली आणि तिचा चेहरा पडला.

“मॅडम, या सगळ्या बायांवर फुल्या कावून मारल्या?”

“झालं म्हणून. त्यांची तपासणी झाली.”

“झालं तर बरूबरची खूण करतेत. फुली म्हंजी चूक. शाळंत काय शिकलोत आपण?”

मी वाद घालणार होते, पण तिचं बरोबर होतं. गावातल्या कुठल्याही बाईला तिच्या नावावरची फुली दाखवा, ती आधी विचारेल, माझं काय चुकलं. मी सगळ्या फुल्या बंद केल्या. झालेल्या कामापुढे मास्तर मारतात तशी बरोबरची खूण सुरू केली. नणंदेला कळवलं तर ती हसली, “करा की. वही तुमची आहे.”

हळूहळू वहीचं आणि फोनचं जमलं. ज्याला तारीख आणि वेळ आहे ते फोनच्या गजरात टाकायचं, कारण वही काही वाजत नाही. जे सरकारला हवं ते ॲपमध्ये. आणि ज्याला माणसाशी बोलावं लागतं ते वहीत. शनिवारी वहीच्या पानाचा फोटो काढून आशाताईंच्या ग्रुपवर टाकायचा, म्हणजे कुणाची गाठ कधी घ्यायची ते चौघींनाही कळतं. महिनाभरात पर्स हलकी झाली. तळहात स्वच्छ राहू लागला. मी नणंदेशी भांडले नाही, पण कबूलही केलं नाही.

वर्षभर हे असंच नीट चाललं. फुलीपाशी मी थबकले होते, तसं बाणापाशीही थबकायला हवं होतं. तिथं थबकले नाही.

आमच्याकडे दसरा झाला की गावं ओस पडू लागतात. टोळ्या ऊसतोडीला निघतात. कुणी सातारा-सांगलीकडे, कुणी पार कर्नाटकात. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता धरतात, आणि कोयता निघाला की चूल, भांडी, शेळी, लेकरं, सगळंच निघतं. जुन्या रजिस्टरात मी वर्षानुवर्षं अशा बायांच्या नावापुढे एकच खूण करत आले होते. बाण. बाण म्हणजे गेली. ही खूण माझी मीच काढलेली, आणि तालुक्यातल्या अर्ध्या सेविकांनी ती माझ्याकडून उचललेली. आणि आता माझ्याच वहीत बाण म्हणजे पुढच्या आठवड्यात. माझ्या डोक्यात दोन्ही बाण शेजारी शेजारी सुखानं राहत होते. दुसऱ्याच्या डोक्यात ते कसे राहतील, हा विचार मला शिवला नाही.

या दसऱ्यानंतरची गोष्ट. माळावरच्या वस्तीवर एक बाई सहा महिन्यांची गरोदर होती. अंगात रक्त फार कमी. बोलताना धाप लागायची, पण ती ते लपवायची. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तिला लोहाची चार सलाईनं सांगितली होती, मध्ये काही दिवसांचं अंतर ठेवून. दोन झाली. तिसऱ्याच्या दिवशी तिला ताप आला, म्हणून डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात या म्हटलं. मी वहीत तिच्या नावापुढे लिहिलं, ‘तिसरं सलाईन’, आणि टिंबाचा बाण केला. तिची टोळी कधीही निघणार होती. निघायच्या आत निदान तिसरं तरी अंगात गेलं पाहिजे, एवढं माझ्या मनात पक्कं होतं. तसल्या अंगानं ती उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहणार होती.

नेमकं त्याच आठवड्यात मला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला बीडला बोलावलं. विषय, ॲपमधले नवे बदल. माझा पदभार शेजारच्या उपकेंद्रातल्या सिस्टरकडे दिला. मी जाताना वही टेबलावर ठेवली आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “सगळं यात आहे. बघून चालू दे. मला फोन करायची वेळच येणार नाही.”

तिनं बघून चालू दिलं, आणि फोन केला नाही.

परत आले तेव्हा ॲपमधली माझी बाकीची, म्हणजे राहिलेल्या कामांची, यादी रिकामी. एकही नाव शिल्लक नाही. मासिक बैठकीत डॉक्टरांनी माझ्या उपकेंद्राचं नाव घेऊन कौतुक केलं. मी मान खाली घालून बसले, पण ऐकत मात्र नीट होते. चहाबरोबर मिळालेलं बिस्किटही त्या दिवशी गोड लागलं.

महिनाअखेर होती. नव्या पानावर हातानं उतरवायचा दिवस. यादीच रिकामी आहे तर उतरवायचं काय, म्हणून मी वही बाजूला सारली. मग नणंदेचा चेहरा आठवला. ‘केलं नाही ना वहिनी?’ असं ती म्हणणार आणि ते मला ऐकून घ्यावं लागणार. निव्वळ त्या रागापायी मी पेन उघडलं.

सातव्या का आठव्या ओळीवर आले. ‘तिसरं सलाईन’ आणि बाण. पुढे बरोबरची खूण नाही. फोनात तिचं नाव शोधलं. बाकीच्या यादीत नाही. सगळ्या नोंदींत शोधलं, तेव्हा सापडलं. नावासमोर शब्द होता, ‘स्थलांतरित’.

मी तो शब्द वाचला आणि मला तो खरा वाटला, हे सांगायला आज लाज वाटते. आमच्या तालुक्यात दसऱ्यानंतर बाई गेली म्हटलं तर कोण शंका घेतं? ‘गेली बिचारी,’ एवढं म्हणून मी पुढच्या ओळीवर पेन नेलंही होतं. फक्त मोठ्यानं म्हणाले, आणि आशाताई कोपऱ्यात गोळ्यांची पाकिटं मोजत बसली होती.

“कोन गेली?”

मी नाव सांगितलं.

“कुटं गेली? काल तर बोअरवर धुनं धूत व्हती की.”

मी शेजारच्या सिस्टरला फोन लावला. आवाज चढलेलाच होता माझा. “तिला स्थलांतरित कुणी केलं?”

“मी केलं. तुमच्या वहीत बाण हाय ना ताई.”

“बाण म्हणजे पुढच्या आठवड्यात!”

ती हळूच म्हणाली, “ताई, दहा वर्षांखाली मी नवीन आलते, तवा तुमीच शिकवलं मला. बाण म्हंजी गेली.” आणि मग धीर करून, “बीपीच्या मशीनपुढं बी बाण हाय तुमच्या. मला वाटलंच व्हतं, ते कसं काय ऊसतोडीला गेलं.”

एरवी मी हसले असते. त्या दिवशी नाही. रागवायला समोर कुणी उरलंच नव्हतं. बाण माझा होता, दोन्हीकडून माझाच.

वहीतले बाकीचे बाण तपासून नोंदी दुरुस्त करायला सिस्टरला सांगितलं, स्कूटी काढली आणि माळावर गेले. आशाताई मागं बसली. वस्तीवर गेलो तर घरापुढे पोती शिवून ठेवलेली. बाजरीचं एक, भांड्यांचं एक. नवरा कोयत्यांना धार लावत होता. ती दारात चुलीसाठी चिपाडं बांधत होती. मला बघून उठली, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“मी गेलते मॅडम,” ती म्हणाली. “तुमी बीडला गेलत्या तवा केंद्राच्या मोठ्या दवाखान्यात गेलते सलाईन लावायला. तिथल्या बाईनं मोबाईल बघितला आन म्हनली, यादीत नाव न्हाई, तू गेली हायस. म्या म्हनलं, मी हितं उभी हाय की तुमच्यासमूर. त्या म्हनल्या, फोनात तसं दावतंय.”

“मग?”

“मग काय, आले घरी. वाटलं, तुमी काढलं आसंल नाव. मला एवढं कावून द्यायचं, म्हनून.”

तिला वाटलं होतं मी तिचं नाव काढलं. धाप लपवत ती चार किलोमीटर चालत गेली, तू इथं नाहीस असं ऐकलं, आणि चार किलोमीटर चालत परत आली. मी तिथंच तिचा हात धरला आणि सांगितलं, “चूक माझी झाली. तुझं नाव कुणी काढलं नाही. मी चुकीची खूण केली.” इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पेशंटपुढे ‘चूक माझी’ म्हटल्याचं मला आठवत नाही. तिनं पाण्याचा तांब्या आणला.

टोळीची गाडी परवा पहाटे येणार होती. सासू म्हणाली, “आता जायाच्या टायमाला कशाला सुई टोचता? बांधाबांध कोन करनार?” मी काही बोलायच्या आत आशाताईनं पदर खोचला. “मी बांधते पोती. तुमी तिला जाऊ द्या.” नवऱ्यानं कोयता खाली ठेवला आणि तो नुसतं म्हणाला, “जा.”

डॉक्टरांना वाटेतच फोन केला. त्यांनी आधी विचारलं, “ती तर स्थलांतरित आहे ना?” मी म्हटलं, “सर, ती माझ्या स्कूटीवर मागं बसलेली आहे.” तिसरं सलाईन त्याच दुपारी लागलं. ते थेंब थेंब उतरत असताना मी तिच्या शेजारी बसून ॲपमध्ये तिचं नाव परत यादीत आणत होते आणि ती झोपली होती. कितीतरी दिवसांनी दुपारी पाठ टेकली असावी तिनं.

पण चौथं? त्याची तारीख येईल तेव्हा ती दोन-तीन जिल्हे ओलांडून उसाच्या फडात असणार होती. म्हणजे आता ती खरोखरच स्थलांतरित होणार होती. मी ॲपमधलं ते पान पुन्हा उघडलं. ‘स्थलांतरित’ या शब्दाखाली एक रिकामी चौकट होती, ‘स्थलांतराचे ठिकाण’. न भरताही पान पुढे जातं, म्हणून ती आम्ही कुणी कधी भरत नसू. मीही नाही. इतक्या वर्षांत मी कितीतरी बाण काढले आणि एकाही बाणापुढे पत्ता लिहिला नव्हता. बाई गेली की आमच्यापुरती संपली.

त्या दिवशी मी नवऱ्याकडून कारखान्याचं गाव घेतलं, टोळी कुठं उतरणार ती वाडी घेतली, मुकादमाचा नंबर घेतला. चौकट भरली. मग फोनाफोनी करत त्या वाडीच्या आरोग्यसेविकेचा नंबर मिळवला. चौघांनी चार जणांचे नंबर दिले, तेव्हा कुठं ती सापडली. तिकडच्या बोलीत ती म्हणाली, “पाठवा की सिस्टर, बघते मी. एवढं कुणी कळवत न्हाई हो आमाला.” चौथ्या सलाईनच्या तारखेचा गजर मी माझ्या फोनात लावला.

आणि वहीतलं एक पान फाडून त्या बाईला दिलं. ती दुसरीपर्यंतच शिकलेली, म्हणून शब्द कमी आणि चित्रं जास्त. पाच टिंबं. एकापुढे सलाईनची बाटली, एकापुढे सुई, एकापुढे गोळ्यांचं पाकीट, एकापुढे सोनोग्राफीसाठी टीव्हीसारखा डबा, शेवटच्यापुढे पाळणा. चित्रं इतकी वाईट की तिलाही हसू आलं.

“टिंब म्हणजे राहिलंय,” मी सांगितलं. “झालं की त्यापुढे बरोबरची खूण करायची.”

“कोन करनार?”

“जी सिस्टर सलाईन लावेल ती.”

तिनं पानाची घडी केली आणि पोलक्यात ठेवली. दोन दिवसांनी पहाटे गाडी गेली. नव्या पानावर मी तिचं नाव लिहिलं, बाण काढला, आणि बाणापुढे पूर्ण पत्ता. पुढे ढकललेल्या कामाला आता मी दोन टिंबं देते. बाण फक्त माणसांसाठी राखून ठेवलाय, आणि पत्ता लिहिल्याशिवाय तो काढायचा नाही, असं चारही आशाताईंना बजावलंय. शेजारच्या सिस्टरलाही सांगितलं. ती म्हणाली, “बघा ताई, पुन्हा बदलू नका.”

त्यानंतरचे दिवस मी फार चिडचिड केली. आमच्या ह्यांच्यावर, आशाताईवर, सगळ्यांवर. गजराचा दिवस आला. सकाळी वाजला. दुपारपर्यंत काही नाही. मी त्या सेविकेला दोनदा फोन लावला, उचलला नाही. वाटलं, झालं, पत्ता लिहिला काय आणि न लिहिला काय.

चारच्या सुमारास फोटो आला. माझंच पान. घामानं ओलं होऊन वाळलेलं, घडीवर झिजलेलं, एका कोपऱ्याला उसाच्या चिकाचा डाग. बाटलीच्या चित्रापुढे बरोबरची खूण होती, उलटी, म्हणजे लांब शेपूट डावीकडे गेलेलं. मागोमाग त्या सेविकेचा फोन आला. “हात गुंतलेले होते सिस्टर. खूण मी करणार होते, तर तुमच्या बाईनं पेनच काढून घेतलं माझ्याकडनं. म्हणाली, माजं हाय, मीच करनार.”

मी फोटो मोठा करून बघत होते. आणि तेव्हा खालची ओळ दिसली. मी पाच टिंबं काढली होती. पानावर सहा होती. पाळण्याच्या खाली, सवय नसलेल्या हातानं काढलेलं एक नवं टिंब, आणि त्यापुढे माझ्याहूनही वाईट अशी सलाईनची बाटली.

“हे सहावं काय?” मी विचारलं.

“ते होय? तिच्या शेजारच्या खोपीतली बाई हो. पाचवा महिना, पण कुठंच नोंद न्हाई. तुमची बाई तिला हाताला धरून घेऊन आली. म्हणाली, हिचं राहिलंय.”

ॲपमध्ये शोधायचा प्रश्नच नव्हता. ती कुठल्या जिल्ह्याची, कुठल्या गावची, कुणालाच माहीत नव्हतं. कुठल्याच यादीत ती नव्हती, फक्त माझ्या बाईच्या यादीत होती. मी वही ओढली, नव्या ओळीवर एक टिंब काढलं आणि म्हटलं, “सिस्टर, तिचं नाव सांगा. सावकाश सांगा, मी लिहून घेते.”